शुक्रवारचा सामना, गुरुवारची कार्डं

बुधवार

कॅलिफोर्नियातल्या वॉलनट क्रीकला लेकीकडे येऊन तीन आठवडे झाले होते. गोल्डन गेट पाहून झाला, मोठाली दुकानं पाहून झाली, नातीला शाळेत सोडायचा-आणायचा रस्ता पायाखालचा झाला. पण वसईतल्या मिशनच्या मराठी शाळेत तीस वर्षं पी.टी. शिकवलेल्या माणसाचं एवढ्यानं भागत नाही. दुपारचे चार वाजले की पाय मैदान शोधायला लागतात. इथे तर चार वाजता रस्त्यावर चिटपाखरू नसतं.

सुटका केली ती शेजारच्या फिलिपिनो म्हाताऱ्यानं. घरातले त्यांना ‘लोलो’ म्हणतात, म्हणजे आजोबा. मीही तेच म्हणायला लागलो. रविवारी मिस्सा आटोपून कॉफी घेताना त्यांनी विचारलं, रिटायर होण्याआधी काय करायचात? म्हटलं, खो-खो आणि कबड्डी शिकवायचो. त्यांना खो-खो कळला नाही, पण ‘कोच’ कळलं. लगेच म्हणाले, माझा नातू दे ला सालमध्ये आहे, अकरावीला, फुटबॉलच्या संघात. मी विचारलं, ही शाळा कुठे आली? दादरला उभं राहून कुणी शिवाजी पार्क कुठे असं विचारावं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

म्हणून आज लेकीनं सकाळी आम्हा दोघांना गाडीनं कॉन्कॉर्डला आणून सोडलं. विंटन ड्राइव्ह नावाचा साधा, घरांच्या वस्तीतला रस्ता. एका बाजूला मुलांची दे ला साल हायस्कूल, समोर पलीकडे मुलींची कॅरनडलेट. मी मनात दगडी कमान, मनोरा, घंटा असं काहीतरी धरून गेलो होतो. आपल्याकडच्या मिशनच्या शाळा डोळ्यांसमोर असल्या की असं होतं. प्रत्यक्षात बसक्या इमारती, मधे मोकळं अंगण, आणि जिथे तिथे हिरवा नि चंदेरी रंग. संघाचं नाव स्पार्टन्स. ऑफिसात नाव लिहून घेतलं, छातीवर चिकटवायला पाहुण्याची चिठ्ठी दिली आणि मगच आत सोडलं. पूर्वेला डोंगर दिसतो, माउंट डियाब्लो, म्हणजे सैतानाचा डोंगर. ऑक्टोबरात सगळा वाळलेल्या गवताच्या रंगाचा. कॅथलिक शाळेच्या मागे सैतान उभा, यावर लोलो गेली कित्येक वर्षं विनोद करत असावेत. माझ्यासाठीही एकदा केला.

शाळा १९६५ची. ही तारीख अशीच पडलेली नाही. दुसरं महायुद्ध संपल्यावर ऑकलंड-सॅन फ्रान्सिस्कोतली माणसं टेकड्या ओलांडून इकडे अक्रोडाच्या बागांत राहायला येऊ लागली. १९५०मध्ये कॉन्कॉर्डची वस्ती सात हजारांच्या आत होती, १९७०मध्ये ती ८५ हजारांवर गेली. आपल्या नालासोपारा-विरारचं जे झालं तेच, फक्त इथे इमारतींऐवजी बंगले आले. १९६२मध्ये ऑकलंडचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि तीन वर्षांत या दोन शाळा उभ्या राहिल्या: मुलांची ब्रदरांनी चालवायची, मुलींची सेंट जोसेफच्या सिस्टरांनी.

‘ब्रदर’ म्हटलं की आपल्याकडे गोंधळ होतो. हे फादर नव्हेत. मिस्सा करत नाहीत, पापनिवेदन ऐकत नाहीत. संन्यास घेऊन शिकवायचं, एवढंच व्रत. दिल्लीच्या सेंट कोलंबाज शाळेचे क्रिश्चन ब्रदर्स आयरिश. हे त्यांच्याआधीचे, फ्रेंच. यांचा मूळपुरुष संत जॉन बाप्टिस्ट दे ला साल, जन्म १६५१, गाव रॅंस. घरचा श्रीमंत, त्यात रॅंसच्या मोठ्या चर्चमधलं मानाचं पद. हे पद त्यानं सोडलं, १६८४च्या दुष्काळात आपला पैसा धान्यात वाटून टाकला आणि गरिबांच्या पोरांना शिकवणाऱ्या अर्धशिक्षित मास्तरांबरोबर राहायला गेला. पुढे या मास्तरांसाठी त्यानं प्रशिक्षणाची शाळाही काढली. १९५०मध्ये पोपनी त्याला शिक्षकांचा आश्रयदाता संत ठरवलं.

मला यातली एक गोष्ट आधी ठाऊक नव्हती आणि ती कळल्यावर मी व्हरांड्यातच थांबलो. त्या काळी फ्रान्समध्ये पोरांना वाचायला शिकवायचे ते आधी लॅटिनमध्ये. दे ला सालनं सांगितलं, आधी फ्रेंच. पोर घरी जे बोलतं त्यातच त्याला अक्षरओळख झाली पाहिजे. गरिबाच्या मुलाला शाळेत दोन-तीनच वर्षं मिळतात, ती न कळणाऱ्या भाषेत घालवायची कशाला? शिवाय एकेका पोराला जवळ बोलावून शिकवण्याऐवजी सगळ्या वर्गाला एकत्र शिकवायचं. तीनशे-सव्वातीनशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आमच्या मराठी शाळेचे वर्ग एकेक करून इंग्रजी होताना मी पाहिले आहेत. सभेत उठून हेच बोललो होतो, अर्थात संताचं नाव माहीत नसताना. नाव ठाऊक असतं तरी काही फरक पडला नसता म्हणा.

वर्गात तास सुरू होताना मुलं म्हणतात, आपण देवाच्या पवित्र सान्निध्यात आहोत याची आठवण ठेवू या. मग एक क्षण गप्प. गणिताच्या तासालाही. दारातून तो क्षण ऐकला. हजारभर पोरांच्या शाळेत एवढी शांतता पाहून माझ्यातला पी.टी.चा मास्तर चपापलाच.

न्यायला आलेली लेक रस्त्यापलीकडे बोट दाखवत म्हणाली, “पप्पा, तुम्ही सगळे या मुलांच्या शाळेचं कौतुक करताय. त्या समोरच्या शाळेत नॅटली कॉफलिन होती.” मला पोहण्यातलं फारसं कळत नाही. तिनं सांगितलं: २००४, २००८ आणि २०१२, तीन ऑलिंपिकमध्ये मिळून १२ पदकं. २००८च्या एकट्या बीजिंगमध्ये सहा. आणि पुस्तक निघालं, हॉलिवूडचा सिनेमा आला तो मुलांच्या फुटबॉलवर. माझी लेक जिल्ह्यापर्यंत खो-खो खेळलेली आहे. तिच्या वेळी मुलींच्या संघाला गणवेशाची चड्डी की सलवार यावर पालकसभेत दोन तास वाद झाला होता. तो वाद ती विसरलेली नाही, हे तिच्या आवाजावरून कळलं. मी गप्प बसलो.

गुरुवार

लेकीची ऑनलाइन मीटिंग होती, त्यामुळे मी बार्टनं, म्हणजे इथल्या लोकलनं, एकटाच कॉन्कॉर्डला गेलो. पिवळी लाइन, वॉलनट क्रीकनंतर एक स्टेशन सोडून कॉन्कॉर्ड. विरार लोकलमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला रिकाम्या डब्यात बसायचं म्हणजे काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. फलाटावरच्या पाटीवर पुढच्या गावांत ‘पिट्सबर्ग’ वाचलं. हे नाव ध्यानात ठेवा, पुढे येणार आहे.

गावाच्या मधोमध एक चौक, तोदोस सान्तोस, म्हणजे सर्व संत. गावाचं मूळ नावही तेच. साल्व्हिओ पाचेको नावाच्या मेक्सिकन जमीनदारानं १८६८च्या सुमारास गावठाण आखून दिलं, पुढे लोकांनी इंग्रजी नाव लावलं. जॅझवाला डेव्ह ब्रूबेक इथे १९२०मध्ये जन्मला. अर्धा तास बाकावर बसलो, एक महाग आणि वाईट कॉफी प्यायलो, परत फिरलो. गावाबद्दल एवढंच.

खरी गोष्ट दुपारी लोलोंच्या स्वयंपाकघरात ऐकली. मी वसईहून कस्टमच्या माणसाला दाखवून आणलेली सुकेळी त्यांना दिली. त्यांनी एक तोंडात टाकलं, डोळे मिटले, डबा बायकोपासून लांब ठेवला आणि बोलायला लागले.

१९६५पासून पुढची चौदा वर्षं या शाळेच्या फुटबॉल संघाचा एकही हंगाम धड गेला नव्हता. हरल्यापेक्षा जिंकलेले सामने जास्त, असं एकाही वर्षी झालं नाही. १९७९मध्ये त्यांनी बॉब लॅडूसर नावाच्या पंचविशीतल्या माणसाला नेमलं. हा शाळेत धर्मशिक्षण शिकवायचा. त्याचा जोडीदार टेरी आयडसन संघाचा बचाव सांभाळायचा, तोही धर्मशिक्षणाचाच मास्तर. आपल्याकडे मूल्यशिक्षणाचा तास पी.टी.च्या मास्तराला जादा काम म्हणून देतात, इथे उलट.

आता पिट्सबर्ग. १९९१च्या डिसेंबरात दे ला साल शेजारच्या पिट्सबर्ग हायस्कूलकडून हरली. त्यानंतर हरली ती थेट २००४च्या सप्टेंबरात. मधल्या बारा हंगामांत सलग १५१ सामने जिंकले. मी लोलोंना आकडा पुन्हा विचारला. त्याआधीचा अमेरिकेतला विक्रम मिशिगनमधल्या हडसन हायस्कूलचा होता, ७२ सामन्यांचा. म्हणजे दुपटीहून जास्त. आणि शाळा आहे, हे लक्षात घ्या. क्लबचा संघ असेल तर तोच चांगला खेळाडू दहा वर्षं टिकतो. शाळेत दरवर्षी बारावीची बॅच निघून जाते. मी तीस वर्षांत एकदा, फक्त एकदा, लागोपाठ तीन वर्षं जिल्हा जिंकला आणि चौथ्या वर्षी नवी पोरं घेऊन पहिल्याच फेरीत गारद झालो. बारा वर्षं म्हणजे पोरांच्या तीन पूर्ण पिढ्या.

“गुपित काय?” मी विचारलं. कोच मंडळी एकमेकांना हाच प्रश्न विचारतात आणि खरं उत्तर कुणी देत नाही.

लोलोंनी फ्रिजवर चुंबकानं लावलेलं कोरं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. पोस्टकार्डापेक्षा थोडं लहान, एका बाजूला निळ्या रेघा. आपल्याकडे बी.एड.ला टाचणाची कार्डं असत तसलं. सामना शुक्रवारी असतो. आदल्या आठवड्यात प्रत्येक मुलगा अशा कार्डावर लिहितो: या आठवड्यात व्यायामात मी अमुक करीन, सरावात अमुक, सामन्यात अमुक. ‘जिंकू’ असं लिहायचं नाही. मोजता येईल, पाहता येईल असंच लिहायचं. गुरुवारी संध्याकाळी प्रार्थना होते, मग कुठल्या तरी खेळाडूच्या घरी सगळ्यांचं जेवण. तिथे एकेकानं उभं राहून आपलं कार्ड वाचायचं आणि संघातल्या एका जोडीदाराच्या हाती द्यायचं. पुढच्या आठवड्यात जोडीदार सांगणार, यानं शब्द पाळला की नाही. कार्ड आपल्याकडे ठेवायचं नाही, दुसऱ्याकडे द्यायचं; या एका गोष्टीवर मी दुपारभर विचार करत होतो. आमच्याकडे पोरं वहीत संकल्प लिहायची. वही दप्तरात, दप्तर घरी.

मग लोलो थोडा वेळ बोलले नाहीत. टेरन्स केली हे नाव त्यांनी हळू आवाजात घेतलं. खाडीकाठच्या रिचमंडचा मुलगा. तिथल्या रस्त्यांवर गोळीबार काही नवा नव्हता. तो तिथून इथे शिकायला यायचा. लाइनबॅकर म्हणून, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीत, खेळायचा, ऑरेगन विद्यापीठानं त्याला शिष्यवृत्ती दिली होती. १२ ऑगस्ट २००४, विद्यापीठाला निघायला दोन दिवस उरले होते, त्या रात्री रिचमंडमध्ये त्याला गोळ्या घातल्या. अठरा वर्षांचा. मारणारा पंधराचा. वडिलांनी पुढे त्याच्या नावानं रिचमंडच्या मुलांसाठी संस्था काढली. संघातली पोरं त्याचं दफन करून आली आणि तीन आठवड्यांत, ४ सप्टेंबरला, सिअॅटलमध्ये बेलव्ह्यू हायस्कूलसमोर उतरली. ३९-२०नं हरली. १५१वर विक्रम थांबला.

सगळे विक्रमच मोजतात, लोलो म्हणाले. मी त्या वर्षी रिचमंडच्या चर्चमध्ये होतो, मला विक्रम आठवत नाही.

संध्याकाळी नातू आला. सहा फुटांचा, पण अंगानं बेताचा, केस ओले. त्याच्या आईनं ॲल्युमिनियमच्या भल्यामोठ्या ट्रेमध्ये पान्सित भरून ठेवलं होतं, म्हणजे त्यांच्या शेवया. आज जेवण दुसऱ्या मुलाच्या घरी, पण प्रत्येक घरातून काहीतरी जातं. रात्री नऊच्या सुमारास तो परत आला तेव्हा शर्टाच्या खिशातून कार्डाचा कोपरा दिसत होता. मी सहज म्हटलं, बघू रे काय लिहिलंयस? तो म्हणाला, हे माझं नाही, मित्राचं आहे. मग खिशावर हात ठेवून, अगदी अदबीनं, “दाखवता येणार नाही, सर.”

तीस वर्षं सर म्हणवून घेतलं. एवढं चांगलं ‘नाही’ मला कुणी म्हटलं नव्हतं.

शुक्रवार

दिवसभर काही नाही. नातीला सोडलं, आणलं. दुपारी झोप काढली. सहाला निघालो.

मैदानाचं नाव ओवेन ओवेन्स फील्ड. दिव्यांचे खांब, दोन्ही बाजूंना लोखंडी बाकं, तिकिटाच्या खिडकीशी लांब रांग, तळलेल्या कांद्याचा वास. म्हाताऱ्या बायकासुद्धा हिरव्या जाकिटात. वसईत गावच्या सणाला जो माहोल असतो तोच, फक्त बँडऐवजी ढोल-ताशाच्या चुलत भावासारखा काहीतरी प्रकार आणि चियरलीडर मुली. मुलांच्या शाळेत मुली कुठून आल्या? रस्त्यापलीकडून, लेक म्हणाली. ती नातीला घेऊन आली होती आणि नातीला फक्त पॉपकॉर्नमध्ये रस होता.

हा फुटबॉल म्हणजे आपला नव्हे. चेंडू लंबगोल, पायाचं काम थोडंच. अकरा विरुद्ध अकरा, शंभर यार्डांचं मैदान. चार संधींत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर आणखी चार संधी, नाही तर चेंडू समोरच्याकडे. मला हे नीट समजायला पहिला अर्धा तास गेला. लोलो समजावून सांगत होते, पण प्रत्येक वेळी मधेच उठून ओरडायचे.

सामना सुरू होण्याआधीचं एक दृश्य मात्र कुणी समजावायची गरज नव्हती. दाराशी गलका झाला. मी वाट पाहत होतो की आता ही हेल्मेटवाली धिप्पाड पोरं आरडाओरडा करत, धूर सोडत धावत येतील. टीव्हीवर तसंच दाखवतात. ती आली दोन-दोनच्या रांगेत, एकमेकांचा हात धरून, चालत. बालवाडीची मुलं प्रभातफेरीला निघतात तशी. सतरा-अठरा वर्षांची, खांद्यांवर ढालीएवढे पॅड. पाहुण्या संघाची पोरं उड्या मारत होती. ही नुसती चालत आली आणि ओळीत उभी राहिली. माझ्या शेजारची लेक फोनवर फोटो काढता काढता थांबली.

लोलोंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, चेंडूकडे बघू नका, लाइनकडे बघा. चेंडूमागे वाकून बसलेली पाच जणांची ओळ, जिचं काम फक्त समोरच्याला हटवून वाट करायची. गुण त्यांच्या नावावर जवळजवळ कधीच लागत नाहीत. दे ला सालची लाइन बहुतेकदा समोरच्यापेक्षा हलकी असते. तिचं सगळं बळ पहिल्या पावलात. पाचही जण खाली, अगदी खाली, चेंडू हलला की पाच जण एका माणसासारखे सुटतात. मी हे पाहिलं आणि अंगावर काटा आला. कारण हे मला येतं! पाटीवर उकिडवा बसलेला खो-खोचा खेळाडू पाठीवर ‘खो’ पडताच असाच सुटतो. उठून मग धावत नाही; उठणं हेच पहिलं पाऊल. मी पोरांना तासन्‌तास फक्त तेवढंच करायला लावायचो. बसा, खो, सुटा. बसा, खो, सुटा. पालक म्हणायचे, सर धावायला कधी शिकवणार?

चाल त्यांची जुनीच, ‘व्हीअर’ म्हणतात. मधला मुलगा, क्वार्टरबॅक, समोरच्या एका बचावपटूवर नजर ठेवतो. तो आत आला तर चेंडू स्वतःकडे ठेवून बाहेरून पळायचं. बाहेर थांबला तर चेंडू शेजारच्याला द्यायचा. कबड्डीत चढाईवाला कोपरारक्षकाचा पाय बघून ठरवतो ना, तसंच. काय होणार हे सगळ्या मैदानाला ठाऊक असतं आणि तरी अडवता येत नाही. मध्यंतरापर्यंत यजमान भरपूर पुढे होते.

मध्यंतरात मागच्या बाकावरच्या एका गृहस्थाशी गाठ पडली. पाहुण्या संघाच्या बाजूचा होता, तिथे जागा नव्हती म्हणून इकडे. त्यानं माझी उत्सुकता पाहून सरळ मुद्द्याला हात घातला. सरकारी शाळेला आपल्या हद्दीतल्याच मुलांना घ्यावं लागतं. खासगी शाळेला हद्द नाही. वीस-वीस मैलांवरून मुलं येतात. मग १५१ जिंकले याचं कौतुक किती करायचं? लोलो तावातावानं म्हणाले, आम्ही कुणाला बोलवत नाही, येतात ते येतात. हा वाद या भागात पन्नास वर्षं चालू असावा. मला दोघांचंही पटलं. फी घेणारी शाळा आणि हद्दीतली शाळा एका पट्टीनं मोजताच येत नाहीत. आणि १९७९च्या आधीही या शाळेला हद्द नव्हतीच, तरी ती चौदा वर्षं हरतच होती. आमच्याकडे तर वाद यापेक्षा खालच्या पातळीवर असायचा. मिशी फुटलेला मुलगा चौदा वर्षांखालील गटात उभा राहायचा आणि त्याच्या मास्तराच्या खिशात जन्मदाखला तयार.

तिसऱ्या सत्रात लोलोंनी बाकीची यादी ऐकवली. मॉरिस जोन्स-ड्रू याच मैदानावरचा. २००१मध्ये देशातल्या पहिल्या दोन क्रमांकांच्या शाळांची गाठ पडली, तेव्हा लॉन्ग बीच पॉलीविरुद्ध त्यानं चार टचडाउन केले, म्हणजे चार वेळा चेंडू थेट शेवटच्या रेषेपार नेला, सामना २९-१५. ब्रेंट बॅरी इथला, तो बास्केटबॉलच्या एन.बी.ए. लीगमध्ये गेला आणि १९९६मध्ये तिथली डंकची, म्हणजे उंच उडी मारून चेंडू वरून जाळीत कोंबायची, स्पर्धा जिंकला. आपल्या फुटबॉलमधला ख्रिस वॉन्डोलाउस्की इथला. अमेरिकेच्या लीगमध्ये सर्वांत जास्त गोल त्याचे. लंडन ऑलिंपिकमध्ये डायव्हिंगचं ब्राँझ मिळवणारा क्रिस्टियन इप्सनही इथलाच. लॅडूसर २०१३च्या सुरुवातीला मुख्य कोचपदावरून उतरला तेव्हा त्याच्या नावावर ३९९ विजय, २५ पराभव, ३ बरोबरी. चारशे होऊ दे म्हणून तो एका सामन्यासाठी थांबला नाही, हे मला त्या ३९९ पेक्षा जास्त आवडलं. त्यानंतरही उत्तर कॅलिफोर्नियातल्या कुणी या शाळेला हरवलं नव्हतं; ते थेट २०२१मध्ये माउंटन व्ह्यूच्या सेंट फ्रान्सिसनं, तीही कॅथलिकच शाळा, ३१-२८नं हरवलं. १९९१च्या त्या पिट्सबर्गनंतर तोवर अशा संघांविरुद्ध ३१८ सामने न हरता गेले होते.

शेवटच्या सत्रात, निकाल ठरल्यावर, लोलोंच्या नातवाला आत पाठवलं. लाइनमध्ये, उजवीकडून दुसरा. लोलो इतका वेळ ओरडत होते ते एकदम गप्प झाले. मी चेंडूकडे पाहिलंच नाही. पहिल्या चालीला तो सुटला, पण इतर चौघांच्या मागून, पापणी लवण्याएवढा उशीर. समोरच्यानं त्याला आडवा केला. पुढच्या दोन चाली बऱ्या गेल्या. मग शिट्टी झाली.

शनिवार

सकाळी लोलो नातवाला शाळेत सोडून आले. शनिवारी सगळा संघ बसून आदल्या रात्रीच्या सामन्याचं चित्रण पाहतो. “जिंकल्यावरसुद्धा?” “जिंकल्यावर जास्त वेळ.”

तो परतेपर्यंत लेक मला मोरागाला घेऊन गेली. अर्ध्या तासाचा रस्ता, ओकच्या टेकड्यांतून. इथे याच ब्रदरांचं सेंट मेरीज कॉलेज आहे. १८६३मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालं, १८६८मध्ये ब्रदर आले, मग ऑकलंड, आणि १९२८पासून इथे दरीत. पांढरंशुभ्र चॅपल, लाल कौलं, स्पॅनिश धाटणी. बुधवारी जी कमान-मनोरा शोधत होतो ते सगळं इथे सापडलं. एके काळी या एवढ्याशा कॉलेजचा फुटबॉल संघ देशभर गाजत होता. आता फुटबॉल नाहीच. खर्च झेपेना म्हणून २००४मध्ये बंद केला. म्हणजे ज्या वर्षी शाळेचा विक्रम थांबला त्याच वर्षी ब्रदरांच्या कॉलेजातला खेळच थांबला. बास्केटबॉल मात्र जोरात; ऑस्ट्रेलियाहून मुलं येतात, पॅटी मिल्स इथलाच. रिकाम्या हिरवळीवर नातीनं दोन कोलांट्या मारल्या. चॅपलमध्ये एक मेणबत्ती लावली, डोळे मिटले, आमच्या शाळेचं मैदान आठवलं. त्यातला एक तुकडा नव्या इमारतीसाठी गेला तेव्हा मी पोलची जागा तीनदा बदलली होती.

संध्याकाळी ड्राइव्हवेत खुर्च्या टाकून बसलो होतो. नातू बाहेर आला. मी विचारलं, मित्राचं कार्ड? तो म्हणाला, त्याला सांगितलं. काय सांगितलं ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मग स्वतःहून म्हणाला, “माझं पहिलं पाऊल उशिरा पडलं. चित्रणात दिसलं.”

“मलाही दिसलं,” मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. आजोबांनी सांगितलंय तुम्ही कोच होता. कसला खेळ तो?

आता तोंडी काय सांगणार? चपला काढल्या आणि ड्राइव्हवेच्या सिमेंटवर उकिडवा बसलो. टाचा वर, बोटं जमिनीला, नजर समोर. सहासष्टावं वर्ष. लेक दारातून ओरडली, “पप्पा, गुडघे!” मी त्याला सांगितलं, मागून ये, पाठीवर तळवा ठेव आणि मोठ्यानं ‘खो’ म्हण. त्याला ते जमेना, ‘को’ म्हणत होता. तिसऱ्यांदा बरोबर म्हणाला. तळवा पडला. मी सुटलो, एक पाऊल, दीड पाऊल, लोलोंच्या गुलाबांपर्यंत.

“पुन्हा दाखवा,” तो म्हणाला.

पुन्हा बसलो. या वेळी उठायला लोलोंनी एक हात धरला, त्यानं दुसरा.